भाट्याच्या खाडीतून

रत्नागिरीला आलेला पाहुणा रत्नदुर्ग चढतो, भगवतीला हात जोडतो, थिबा राजवाड्यापुढं फोटो काढून घेतो आणि आंब्याची पेटी घेऊन परततो. व्हेनिसला लोक गाव पाहायला होडीत बसतात म्हणे. आमच्याकडे तसा कालवा नाही, पण काजळी नदीची खाडी आहे. आणि तिच्यातून गाव पाहिलं की ते निराळंच दिसतं.

राजिवड्याला होडीत बसलो. नाखवा पहिल्यानंच म्हणाला, "मास्तर, भरतीबरोबर जायचं नि सुकती जोर धरायच्या आत परतायचं." इथं वेळापत्रक चंद्राच्या हातात! भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते.

भाट्याचा पूल मागं पडला. एका अंगाला माडांची रांग, दुसऱ्या अंगाला वाळत टाकलेली जाळी. पुढं कांदळवन आणि चिखलात एका पायावर उभे बगळे. वर, सड्यावर, राजाचा वाडा.

थिबाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० साली. तोवर चोवीस वर्षं त्यानं भाड्याच्या बंगल्यांत काढली! मंडालेच्या त्याच्या राजवाड्याला चारी बाजूंनी पाण्याचा रुंद खंदक होता, एकेक बाजू दोन किलोमीटरांवर लांब. आणि नियतीचा विनोद पाहा, याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. सहा वर्षं त्यांचा माणूस आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. टिळक परत आले. थिबा १९१६ साली इथंच वारला. राणी सुपायलत मात्र १९१९ साली ब्रह्मदेशी परतली.

मुंबईची आगबोट चालू होती तेव्हा ती बाहेर समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणीत. पावसाळ्यात तेही बंद. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि लोकांनी समुद्राकडे पाठच फिरवली. राजिवड्याला ती चैन परवडत नाही. खाडीच्या मुखाशी गाळ नि वाळू साचते, आणि ओहोटीला होड्यांची वाटच बुजते.

मी नाखव्याला राजाबद्दल विचारलं. "राजाचं मला काय ठाऊक? पाणी उतरायला लागलंय, तेवढं दिसतं," म्हणून त्यानं होडी वळवली.

पुलाशी आलो तेव्हा पुळण उघडी पडू लागली होती, आणि मुखाबाहेर तीन होड्या, मासळी घेऊन, भरतीची वाट पाहत उभ्या होत्या.