तिसरा वर

द्रौपदीवरची नवी कादंबरी हाती आली की मी आधी द्यूतसभेचं प्रकरण काढते. बहुतेक लेखिकांना ओढ वस्त्रहरणाची. त्याआधी घडलेलं दोन ओळींत उरकतं. खरं तर बाई तिथेच दिसते. न्यायला आलेल्या प्रातिकामीला ती आल्या पावली परत पाठवते: जा, विचार त्या जुगाऱ्याला, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? दासी झाल्याचा निरोप घेऊन आलेल्याच्याच हाती प्रश्न धाडायचा, ही हिंमत बघा. धर्माची गती सूक्ष्म आहे, असं म्हणून भीष्मही हात टेकतो.

इरावती कर्व्यांना मात्र हा प्रश्नच घोडचूक वाटला. उत्तर कोणतंही आलं तरी नुकसान तिचंच. पांडित्य बाजूला ठेवून तिने दयेची याचना करायला हवी होती, असं ‘युगान्त’मध्ये त्या बजावतात. युक्तिवाद बिनतोड आहे, पण मला पटत नाही. दयेवर सुटका झाली असती, तर उपकार सभेचे ठरले असते. आणि कौरवांपैकी विकर्ण तिच्या बाजूने उठतो, तो या प्रश्नाचाच धागा धरून.

नंतरच्या कादंबऱ्यांनी तिला ‘मी’ म्हणून बोलतं केलं. प्रतिभा राय यांची ओडिया ‘याज्ञसेनी’ १९८४ची, चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांची ‘द पॅलेस ऑफ इल्यूजन्स’ २००८ची. दोन्हींत तिच्या मनात कर्ण आहे. आपल्याकडे विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’तही तोच. पतिव्रतेच्या मनातही दुसरा कुणी असू शकतो, हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. पण बाई स्वतंत्र दाखवायची तर तिला आणखी एक पुरुषच का लागतो? तोही भर सभेत तिला वेश्या म्हणणारा!

व्यासांची द्रौपदी यापेक्षा धीट आहे. धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती पहिल्या वराने युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथांसह आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती नाकारते. लोभाने धर्म बुडतो, म्हणते. नवरे सुटले, पुढचं ते कमावतील. त्यावर कर्णच बोलून जातो की बुडत्या पांडवांना पांचाली नाव होऊन पैलतीरी घेऊन गेली. नव्या लेखिकांना कर्ण हवाच असेल, तर त्यांनी त्याच्या या वाक्यापासून सुरुवात करावी.