ताशी किती पडतो?

27 ऑक्टोबर 2016. रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. गल्लीत पोरांचे सुतळी बॉम्ब चालू, आई चकल्यांचा शेवटचा घाणा काढतेय, आणि मी सिडकोतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्या लॅपटॉपची वाट बघतोय! अ‍ॅपलचा नवा मॅकबुक प्रो येणार होता. आला. पातळ, चकाचक, कीबोर्डच्या वरच्या रांगेच्या जागी टचबार नावाची उजळणारी पट्टी. आपण तर फुल टू फ्लॅट!

मग भारतातली किंमत कळली. टचबारवाला तेरा इंची: 1,55,900 रुपये. पंधरा इंची: 2,05,900.

आई गं!

माझा तेव्हाचा पगार 26,000. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामगारांसाठी ट्रेनिंग फिल्म्स बनवायच्या, सेफ्टीची पोस्टर्स करायची, हा दिवसाचा उद्योग. सुटीच्या दिवशी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग. डोक्यात मात्र एकच किडा : नोकरी सोडायची आणि स्वतःचा स्टुडिओ टाकायचा. आणि स्टुडिओ म्हटलं की टेबलावर 'प्रो' हवाच ना!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर कटिंगबरोबर हाच विषय. तुम्हाला सांगतो, महागड्या लॅपटॉपवर ज्यांना तो घ्यायचाच नसतो, ती माणसं सगळ्यात जास्त बोलतात. अकाउंट्समधल्या मित्राने मोबाइल काढून गुणाकार केला. अमेरिकेत 1,799 डॉलर, डॉलर 67 रुपये, म्हणजे 1,20,533. ''पस्तीस हजार कशाचे रे? ह्यापेक्षा तुझ्या मावसभावाला सांग, येताना घेऊन ये!'' (अमेरिकेतली किंमत विक्रीकर सोडून सांगतात, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.) डिझाइनमधला म्हणाला, रॅम सोळा जीबीच्या वर मिळतच नाही, मग हा कसला प्रो? आणि आमचा फोटोग्राफर मित्र तर पार भडकला होता. एसडी कार्डाचा खाचा गायब. एचडीएमआय गायब. साधी यूएसबी गायब. चार्जरची ती चुंबकवाली पिनही गायब. सगळीकडे नुसते यूएसबी-सीचे सारखे पोर्ट. ''म्हणजे लॅपटॉप दीड लाखाचा, आणि पेनड्राइव्ह लावायला डोंगल वेगळं विकत घ्यायचं!''

ही कुरकुर काही आमच्या टपरीपुरती नव्हती. जगभर एवढी बोंबाबोंब झाली की नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने डोंगल्सच्या किमती वर्षअखेरपर्यंत उतरवल्या. यूएसबीची साधी जोडणी 19 डॉलरवरून 9 डॉलरवर आली. गंमत म्हणजे त्याच सुमाराला कंपनीचे फिल शिलर सांगत होते की, ऑनलाइन दुकानात या मॉडेलला आजवरच्या कुठल्याही प्रो लॅपटॉपपेक्षा जास्त ऑर्डरी आल्यात. म्हणजे लोक एका हाताने शिव्या लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने कार्डाचा नंबर टाकत होते!

मला त्याचं नवल वाटलं नाही. आपलं गावच तसं आहे. पैठण गेटला पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारं हेच शहर. आणि ऑक्टोबर 2010मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, इथल्याच मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. घासाघीस तिथेही झालीच, फक्त दीडशे जणांनी मिळून केली. किमतीवर बोटं मोडायची आणि तरी घ्यायचं, हे आपल्या पाण्यातच आहे.

एकच माणूस काही बोलला नाही. पप्पा.

पप्पांचं वाळूजला जॉबवर्कचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, दोन कामगार. रात्री जेवताना मी सगळी फीचर्स पाठ म्हणून दाखवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत एवढंच विचारलं, ''ताशी किती पडतो?''

''काय ताशी?''

''मशीन. तासाला किती पडतं?''

मला हसू आलं. म्हटलं, ''पप्पा, लेथ नाही हो, लॅपटॉप आहे.'' ते म्हणाले, ''बरं.'' विषय संपला.

मग 8 नोव्हेंबर आला. नोटाबंदी! लग्नासाठी खात्यातून अडीच लाख काढायची परवानगी मिळाली, पण त्याच्या अटी बघून लोकांनी आधी काय कापलं असेल? व्हिडिओ. माझी हातातली तीन कामं गेली. शहाण्याने इथे थांबायला हवं होतं. मी जानेवारी 2017मध्ये लॅपटॉप घेतला. बारा हप्ते, महिन्याला तेरा हजार. अर्धा पगार! माझ्या कार्डाची मर्यादा पुरेना म्हणून कार्ड पप्पांचं. दुकानातून बाहेर पडताना बॉक्स असा धरला होता, की जालना रोडवरच्या सगळ्या पब्लिकला दिसावा.

मार्चमध्ये एका मंगल कार्यालयात रिसेप्शनचं काम होतं. सकाळच्या विधींची तीन मिनिटांची फिल्म संध्याकाळी पडद्यावर दाखवायची. कार्ड रीडर आणि एचडीएमआयची जोडणी, दोन्ही घरी टेबलावर राहिली. चूक शंभर टक्के माझी, बॅग मीच भरली होती. मित्र बाइकवरून घरी जाऊन घेऊन आला. फिल्म पडद्यावर आली तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि आचारी भांडी आवरत होते. नवरीच्या वडिलांनी दोन हजार कापून घेतले. ते काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

त्या वर्षात त्या मशीनवर मी तीन लग्नं आणि एक बारसं केलं. उरलेला वेळ? सिनेमे बघितले. रंग मात्र जबरदस्त दिसायचे हं! स्टुडिओ राहिला बाजूला, नोकरी सोडायची हिंमतच झाली नाही. मधले तीन हप्ते मला जमले नाहीत, ते पप्पांनी भरले. त्या वर्षी त्यांच्या मोठ्या लेथला नवा चक घ्यायचा होता, तो राहिला. हे मला त्यांनी सांगितलं नाही. दोन वर्षांनी शेडमधल्या जुन्या कामगाराने बोलता बोलता सांगितलं. जॉब नीट धरत नाही म्हणून तो त्या मशीनला शिव्या घालत होता.

त्या दिवसापासून टपरीवर लॅपटॉपचा विषय निघाला की मी गप्प बसायला लागलो. ऐकायचो मात्र सगळं. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. बोलणारे दोन प्रकारचे असतात. एक किंमत बघून बोलतो. दुसरा काम अडलं म्हणून बोलतो. कंपन्यांना नाइलाजाने का होईना, दुसऱ्याचं ऐकावं लागतं. थिंकपॅडचंच बघा ना. टी440मध्ये कीबोर्डमधल्या लाल टिपक्यासोबतची बटणं काढून टाकली होती. वर्षानुवर्षं त्यावर हात बसलेली माणसं वैतागली आणि 2015च्या टी450मध्ये बटणं परत आली. अ‍ॅपलनेही पंधरा इंचीचं 2015चं, सगळे पोर्ट असलेलं मॉडेल जुलै 2018पर्यंत विकायला ठेवलं होतं. आणि ऑक्टोबर 2021मध्ये तर कमालच. एसडी कार्डाचा खाचा परत, एचडीएमआय परत, चुंबकवाली पिन परत आणि टचबार गायब! चौदा इंचीची किंमत 1,94,900. आमचा फोटोग्राफर मित्र म्हणाला, ''आपलंच काढून घेतलेलं परत द्यायचे एवढे पैसे!''

2023मध्ये पुन्हा तेच नाटक. 1,69,900च्या प्रोमध्ये आठ जीबी रॅम. कंपनीचं म्हणणं, आमचे आठ म्हणजे दुसऱ्यांचे सोळा. ज्यांची एडिटिंग करताना मशीन अडखळत होती, ते कसले ऐकतात! पुढच्याच वर्षी त्याच किमतीत सोळा जीबी आली. तारीख होती 30 ऑक्टोबर 2024. योगायोगाने पुन्हा दिवाळीच.

तोवर माझं बरंच बदललं होतं. त्या जूनमध्ये मी अखेर नोकरी सोडली होती. शेंद्रा आणि वाळूजच्या कारखान्यांसाठी ट्रेनिंग फिल्म्स करत होतो, जीएसटी नंबर घेतला होता. घरातल्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर काम व्हायचं, पण साहेब लोकांना तिथेच, शॉपफ्लोअरवर बदल करून हवे असायचे. जुना मॅक केव्हाच विकला होता. लॅपटॉप हवाच होता. आणि तेव्हा महिन्याच्या एक तारखेला खात्यात आपोआप काहीच पडत नव्हतं.

या वेळी मी स्वतः पप्पांकडे गेलो. म्हटलं, ''ताशी कसं काढायचं, सांगा.''

त्यांनी शेडची जुनी डायरी काढली. एका पानावर त्यांच्या अक्षरात 2017चं गणित होतं. 1,55,900. वर्षाला दोनशे तास, तीन वर्षं, सहाशे तास. तासाला 260. त्यांनी कधी दाखवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

खाली आम्ही नवीन मांडलं. आता महिन्याची कामं बघता वर्षाला हजार तास सहज होतील. चार वर्षं धरली, चार हजार तास. 1,69,900 भागिले चार हजार, साडेबेचाळीस रुपये. त्यात 18 टक्के जीएसटीचे सुमारे 25,900 आहेत, ते मला वजावटीत मिळणार. म्हणजे खरी किंमत 1,44,000च्या आसपास, तासाला छत्तीस रुपये. जुन्या सवयीने डॉलरचाही गुणाकार केला : 1,599 गुणिले 84, वर 18 टक्के, 1,58,493. फरक साडेअकरा हजारांच्या आतबाहेर. मावसभाऊ सुटला!

तुम्हीही नव्या लॅपटॉपच्या किमतीवर डोकं आपटत असाल, तर एवढं करून बघा. विकून येतील ते पैसे आणि विजेचं बिल सोडा, नुसता भागाकार करा. तास खरे धरा मात्र. सिनेमे धरायचे नाहीत.

मी डायरी मिटणार, तेवढ्यात पप्पा म्हणाले, ''आणि ऑपरेटर?''

''म्हणजे?''

''मशीनचा तास निघाला. चालवणाऱ्याचा?''

मी आठवून सांगितलं. 2017मध्ये एका लग्नाचे आठ हजार घ्यायचो आणि साठ तास बसायचो. पप्पांनी आकडा लिहिला : 133. वर 260, खाली 133. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. ''तुझं मशीन महाग नव्हतं,'' ते म्हणाले, ''तू फुकटात चालवत होतास.''

सात-आठ वर्षं टपरीवर बसून मी दुसऱ्यांच्या मालाची किंमत चिवडत होतो. स्वतःच्या तासाची किंमत मला एकदाही काढता आली नव्हती.

लॅपटॉप घेतला. सगळे पैसे एकदम भरून, माझ्या कार्डावर. त्याआधी एक काम केलं. शेडमध्ये जाऊन लेथचं माप घेतलं आणि चक मागवला. पप्पा म्हणाले, ''आता कशाला, दोन वर्षांत शेड बंदच करायचंय.'' पण बसवताना कामगाराला बाजूला सारून स्वतः बोल्ट आवळत होते.

जानेवारीपासून मी माझे दर वाढवले. फिल्मचा दर तासावर, बदलांचे पैसे वेगळे, सगळं लेखी. पहिलं कोटेशन वाळूजच्या एका छोट्या कारखानदाराला पाठवलं. अर्ध्या तासात फोन आला.

''एवढे? काय खास आहे त्यात? उस्मानपुऱ्यातला पोरगा अर्ध्यात करतो.''

हा आवाज ओळखीचा होता. माझाच होता, टपरीवरचा. मी शांतपणे समजावलं, तास सांगितले, काय काय मिळणार ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, ''ठीक आहे, करा सुरू. पण पेनड्राइव्ह त्यातच आहे ना? का ती वेगळी घ्यायची?''

''त्यातच आहे, साहेब,'' मी म्हटलं.