एका खरेदीची हकिकत

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत पहाटेपासून येऊन बसणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांच्या घरी संगणक नाही. म्हणून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपणार आणि आमची जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींस उतरणार नाहीत, हे स्पष्ट झाले तेव्हा, त्यांवर उबुंटू ही लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवून ती चालती ठेवावीत आणि नवे लॅपटॉप मात्र लिनक्स आधीच बसविलेलेच घ्यावेत, असा ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने मंजूर केला. कार्यवाह या नात्याने खरेदीची तजवीज माझ्याकडे आली.

नव्या यंत्रांवरही आपणच उबुंटू का बसवू नये, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला, व तो रास्त होता. परंतु वाचनालयात जे यंत्र मुले हाताळतील तेच पुढे त्यांचे आईबाप दुकानात मागतील, आणि ज्यांनी आयुष्यात संगणक उघडलेला नाही त्यांनी तो घरी आणून त्यावर दुसरी प्रणाली चढवावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. शिवाय उत्पादकाने स्वतः लिनक्स बसवून दिले म्हणजे त्या यंत्रातील वायफायचे कार्ड, झाकण मिटल्यावरची निद्रा, बोटाच्या ठशाची कळ हे सारे त्या प्रणालीशी जुळते की नाही, याची परीक्षा त्याने अगोदर घेतलेली असते. नमुन्यादाखल आणलेल्या एका यंत्रावर आम्ही उबुंटू चालवून पाहिले, तेव्हा झाकण पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राही. आणि सेवाकेंद्रातून उत्तर आले, की मूळची प्रणाली परत बसवून आणा, मग पाहू.

दरपत्रके मागविली. जिल्ह्याच्या ठिकाणची दुकाने झाली, मुंबईला गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडही पायाखालून घातला. सर्वत्र विंडोजचीच यंत्रे होती, आणि तिच्या परवान्याची रक्कम किमतीतच मिसळलेली असल्यामुळे ती नाकारण्याची सोय गिऱ्हाइकास नव्हती. याला अपवाद म्हणून पुढे केला जाई तो ‘डॉसवाला’ लॅपटॉप, म्हणजे फ्रीडॉस ही जुन्या धाटणीची प्रणाली नावापुरती घालून काहीसा स्वस्त विकलेला. “साहेब, हा घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत,” असे एका दुकानदाराने अगदी सद्भावनेने सांगितले. ज्या संस्थेचे दफ्तर दरवर्षी लेखापरीक्षकापुढे जाते तिने चोरीची प्रत वापरणे शक्यच नव्हते. परंतु त्याहून मनाला लागले ते हे, की जी प्रणाली उघडपणे, कायदेशीर व विनामूल्य मिळते तिचे नाव त्या माणसाच्या ओठावर आलेच नाही.

लिनक्स आधीच बसवून यंत्रे विकणे हे काम अशक्य कोटीतले मुळीच नाही. अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम ७६ ही कंपनी २००५ पासून या एकाच व्यवसायावर उभी आहे. डेलने २००७ मध्ये उबुंटू बसविलेले संगणक विक्रीस काढले व २०१२ मध्ये खास प्रोग्रॅमरांसाठी एक्सपीएस १३ ची आवृत्ती आणली. लेनोव्होने २०२० मध्ये फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीसह थिंकपॅड देऊ केले. पण यांपैकी बराच माल जाणत्या व सधन वर्गासाठी आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो केरळचा दाखला. तेथील सरकारी शाळांच्या खरेदीत ग्नू-लिनक्सची अट आधीच लिहिलेली असते, आणि मोठमोठे पुरवठादार ती निमूटपणे पाळतात. केंद्र सरकारचे मुक्त प्रणालींविषयीचे धोरण २०१५ पासून जाहीर आहे. तथापि कार्यालयांच्या खरेदीपत्रात विंडोजचे नाव आजही सर्रास आढळते, आणि दुकानदार काय मागवून ठेवतो ते अशाच कागदांवरून ठरते.

अखेर एका कंपनीच्या कार्यालयीन ग्राहकांसाठीच्या यादीत उबुंटूसह मिळणारे एक सामान्य किमतीचे यंत्र सापडले. दुकानदाराने आगाऊ रक्कम घेऊन ते मागविले व बरेच दिवस वाट पाहिल्यानंतर ते आले. उघडताच वायफाय लागले. भाषा मराठी निवडता आली. रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी जोपासलेल्या लोहित टंकात अक्षरे स्वच्छ उमटली. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधील मराठी पाठ लावून तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी लिब्रेऑफिसमध्ये आपला अर्ज टंकू लागली, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवीत नाही. मात्र तिचे वडील दुसऱ्याच आठवड्यात येऊन, “सर, असाच कुठं मिळंल?” असे विचारू लागले, आणि यादी, आगाऊ रक्कम व वाट पाहणे हा सारा द्राविडी प्राणायाम त्यांना सांगताना मी संकोचलो. शेतमालाचे पैसे हाती आलेल्या दिवशीच जो वस्तू घेतो, त्याला ती त्याच दिवशी काउंटरवर दिसली पाहिजे.

म्हणून जिल्हा ग्रंथालय संघाच्या पुढील बैठकीसाठी मी एक मसुदा तयार केला आहे. जिल्ह्यातील वाचनालयांनी आपली वर्षाची खरेदी एकत्र करावी. जो दुकानदार प्रणालीची किंमत यंत्राच्या किमतीपासून वेगळी दाखवील, लिनक्स आहे म्हणून हमी नाकारणार नाही आणि असे एक यंत्र चालू स्थितीत कायम दर्शनी ठेवील, त्याच्याकडेच ती नोंदवावी, असे त्यात लिहिले आहे. चार वाचनालयांच्या कार्यवाहांनी त्यावर सह्या केल्या आहेत. इतरांकडे मसुदा गेला आहे.