खाडीच्या तोंडावरचं उत्तन

उत्तनला जायचं ते दिवाळीनंतर, वलांड्या भरल्या की. वलांडी म्हणजे किनाऱ्यावर बांबू रोवून उभारलेला मांडव. त्याला एकाखाली एक आडवे दोर बांधलेले असतात आणि त्या दोरांवर बोंबील सुकत असतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. ना गाठ, ना आकडा. सकाळच्या तिरप्या उन्हात अशा शेकडो जोड्या वाऱ्यावर हलतात, तेव्हा ओला बोंबील काचेसारखा आरपार दिसतो आणि दोन दिवसांचा जुना बोंबील पिवळट, ताठ झालेला असतो. माल कुठल्या दिवशी बंदरावर आला हे नुसत्या रंगावरून कळतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौकाकडे बस सुटते. मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावं मागे पडतात, वाटेत मिठागरं लागतात, मग डोंगरीचा चढ येतो आणि तो उतरताना समोर समुद्र दिसतो. मुंबईच्या उपनगरी लोकलमधून उतरल्यावर तासाभरात आपण अशा ठिकाणी पोचतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. साष्टीच्या वायव्य टोकाला, मनोरीच्या खाडीपलीकडे असलेल्या या पट्टीला जुन्या कागदांत धारावी बेट म्हटलेलं आहे. माहीमजवळची धारावी वेगळी. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही सगळी गावं याच पट्टीवर वसली आहेत. दक्षिणेकडची गावं मुंबईत मोडतात आणि उत्तन, डोंगरी, चौक मीरा-भाईंदरमध्ये. कारभार दोन शहरांत वाटला गेला तरी समुद्र सगळ्यांचा एकच आहे.

बंदरावर सकाळची गडबड ओसरली होती. वलांडीखाली बसून एक वयस्क मावशी पाटीतले बोंबील निवडत होत्या. आज ऊन चांगलं आहे, मी म्हणालो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उन्हानं नाय सुकत बोंबील. वाऱ्यानं सुकतो." मग हातातलं काम थांबवून त्यांनी सगळं नीट समजावलं. बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. नुसतं ऊन लागलं तर वरची कातडी कडक होते आणि आतलं पाणी आतच राहतं, असा माल आठवडाभरात वास मारतो. वारा हवा, म्हणूनच मांडव उंच आणि दर्याकडे तोंड करून बांधायचा. मीठ लावायचं नाही. हिवाळ्यातला उत्तरेचा कोरडा वारा असेल तर तीन-चार दिवसांत माल तयार होतो. ढग आले की सगळं उतरवायचं, झाकायचं आणि उघडलं की पुन्हा टांगायचं. पलीकडे सिमेंटच्या ओट्यावर जवळा पसरला होता, एका कोपऱ्यात मांदेली, आणि उरलेल्या दोरांवर वाकट्या चांदीच्या पट्ट्यांसारख्या लोंबत होत्या. हे सुकवण्याचं, निवडण्याचं आणि विकण्याचं काम जवळपास सगळं बायकांचं. पुरुषांचा हात मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत. तिथून पुढे भाव ठरतो तो बायकांच्या तोंडून. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारापर्यंत त्यांच्या ओळखी आहेत.

एखादा अवकाळी पाऊस या बायकांचं आठवड्याचं उत्पन्न घेऊन जातो. भिजलेला बोंबील पुन्हा सुकवून विकता येत नाही, तो खताच्या भावानं जातो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा नांगरलेल्या बोटींचंही नुकसान झालं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. वलांडीवर भिजलेल्या मालाला शेतातल्या भिजलेल्या पिकासारखी भरपाई मिळू लागेल तेव्हाच या निर्णयाला अर्थ येईल, असं मला तिथे बसून वाटलं.

बोंबील इतका येतो तो डोलीमुळे. डोल हे लांबलचक नरसाळ्यासारखं जाळं. तोंड रुंद, शेपूट निमुळती, आणि शेपटीकडे वीण बारीक होत गेलेली. हे जाळं घेऊन माशांच्या मागे धावायचं नसतं. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकलेले असतात, त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं मासा आपोआप आत येण्याची वाट पाहायची. ओढ उलटली की जाळं उचलायचं. या खुंटाच्या जागेला कोळी कव म्हणतात. अमुक कव अमक्या घराची, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. पूर्वी किनाऱ्यावरची डोंगरटोकं आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरून नाखवा आपली कव शोधायचा. आता होडीत जीपीएस असतं. वरून पाहणाऱ्याला एकसारखं निळं दिसणारं पाणी खाली असं वाटून घेतलेलं आहे.

ओढीवर सगळं अवलंबून असल्यामुळे इथला दिवस घड्याळावर चालत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात वाहतं, डोल फुगते. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, ओढ मंदावते आणि मासळी कमी येते. मी ज्या घरात चहा प्यायलो तिथे भिंतीवर क्रूस होता, त्याच्या खाली कालनिर्णय टांगलेलं होतं, आणि नाखव्याची नजर होती तिथीवर. उत्तनचे बहुतेक कोळी ख्रिस्ती आहेत. रविवारी मिस्सा आणि समुद्रावर तिथी, यात त्यांना काहीच वेगळं वाटत नाही.

हा ख्रिस्ती धर्म इथे आला तो पोर्तुगिजांबरोबर. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं हा सगळा किनारा त्यांच्या ताब्यात राहिला. चर्चेस उभी राहिली, गावंच्या गावं बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. पण बोली मराठीच राहिली, कोळ्यांची, हेल काढून बोलली जाणारी. उत्तनच्या चर्चचं नाव 'अवर लेडी ऑफ द सी' आहे, म्हणजे समुद्राची माउली. मासेमारीबंदी संपून नवा हंगाम सुरू होताना धर्मगुरू बोटींना आशीर्वाद देतात. १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ असतो. मासळीच्या विणीचे दिवस. त्याच पट्टीवर डोंगरावर धारावी देवीचं देऊळही आहे. मुंबई-ठाण्याचे हे जुने ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी त्यांची संघटना त्याच नावानं स्थापन झाली.

उत्तनहून चौकाकडे चालत गेलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कौलारू घरं, काही ठिकाणी नवे तीन मजले, आणि प्रत्येक अंगणात जाळं पसरलेलं. चौकाच्या टेकडीवर जंजिरे धारावी आहे. किल्ला म्हणून आता फारसं उरलेलं नाही. भिंतींचे काही तुकडे, मोडके चिरे, आणि झुडपांनी गिळलेली वाट. दुर्गप्रेमी मुलं येऊन साफसफाई करतात म्हणून निदान तटाची रेषा ओळखू येते. पण इथे यायचं ते किल्ला पाहायला नव्हे, इथून समोर काय दिसतं ते पाहायला. खाली वसईची खाडी समुद्राला मिळते, पाण्याच्या पलीकडे झाडी, आणि त्या झाडीत वसईचा किल्ला. हे समोरासमोर असणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय १७३९ च्या वसईच्या वेढ्याचा इतिहास नीट कळत नाही. नुसत्या पुस्तकातून तो मला कधीच पुरता कळला नव्हता.

१७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि साष्टीचा बराचसा भाग त्यांच्या हाती आला. तरीही वसई उभीच राहिली. कारण साधं होतं. वसईला तीन बाजूंनी पाणी होतं आणि समुद्राची वाट उघडी होती, त्या वाटेनं दाणागोटा आणि माणसं आत येऊ शकत होती. खाडीच्या दक्षिण तोंडावर धारावी असेपर्यंत तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजरही पोर्तुगिजांचीच राहणार. म्हणून या लहानशा टेकडीसाठी दोन्ही बाजूंची मोठी ओढाताण झाली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. त्याच सुमाराला वेसावे मराठ्यांकडे आलं आणि मार्चमध्ये धारावी. खाडीच्या दोन्ही काठांवर मराठे आल्यावर वसईच्या शिबंदीला बाहेरून कुणी यायची आशा राहिली नाही. तरी त्यांनी चिवटपणे किल्ला लढवला. मराठ्यांनी सुरुंग लावून तट उडवले, हल्ले परतवले गेले, पुन्हा चढाई झाली. मराठ्यांची फार मोठी हानी झाली. मेलेले आणि जखमी मिळून आकडा हजारांत गेला. मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली आणि सन्मानानं बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडला. वसईच्या चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराला त्या अजून टांगलेल्या आहेत. घाटावरच्या देवळात ती घंटा वाजवणाऱ्याला हे टोक आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

किल्ला पडल्यानंतर काय झालं, हेही महत्त्वाचं आहे. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पण ख्रिस्ती रयत कुठे गेली नाही, तिचा धर्मही गेला नाही. देशी धर्मगुरूंनी चर्चेस चालू ठेवली. १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडेच राहिली. राज्य तीनदा बदललं; कोळ्यांच्या कवी त्याच पाण्यात राहिल्या.

टेकडीवरून उतरताना वाऱ्याबरोबर धुराचा वास आला. उत्तनच्या डोंगरावर शहराचा कचरा येतो. ढिगाला आग लागते, पावसाळ्यात त्यातलं काळं पाणी खालच्या शेतांत आणि ओढ्यांत उतरतं, आणि वलांडीवरच्या मालाला धुराचा वास लागतो. गावकऱ्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. डोंगरीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला निघाल्यावरही लोक रस्त्यावर आले. शहराला जे आपल्या मधोमध नको असतं ते काठावर आणून टाकायची त्याची सवय आहे, आणि हा काठ कुणाचं तरी अंगण असतो.

आता उत्तन ते विरार असा सागरी सेतू होणार आहे. नाखव्याशी त्यावर बोललो. तो पुलाच्या विरुद्ध चिडून बोलला नाही, हिशेब मांडत होता. गळाची किंवा ओढजाळ्याची बोट जागा बदलू शकते, डोलवाल्याला ते जमत नाही. त्याची कव ज्या ठिकाणी आहे तिथल्या तळाचा गाळ, तिथली ओढ, तिथली खोली या सगळ्यांमुळे ती कव आहे. त्या जागी खांब उभा राहिला, किंवा खांबामुळे पाण्याची ओढ वळली, तर ते घर दुसरीकडे जाऊन काय करणार? दुसऱ्या पाण्यात दुसऱ्यांच्या कवी असतात. या हिशेबाची एक अवघड बाजूही त्यानं लपवली नाही. उत्तन-वसईकडच्या डोलवाल्यांनी उत्तरेला पालघर-डहाणूच्या समुद्रात कवी मारल्या, आणि सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांशी त्यावरून बरीच वर्षं भांडण चालू आहे. पाणी आधीच अपुरं आहे. "पुलाचा नकाशा तयार आहे," तो म्हणाला. "आमच्या कवींचा नकाशा कुणी केला काय?"

माझ्या माहितीतल्या कुठल्याही छापील नकाशावर या कवी नाहीत. शेताचा सातबारा निघतो, कवीचा निघत नाही. पुलाचे खांब कुठे रोवायचे हे ठरवण्याआधी चौक, उत्तन, शेजारची पाली आणि पलीकडच्या वसईतल्या नाखव्यांना होडीत बसवून प्रत्येक कव मोजून घ्यायला हवी, त्या घराच्या नावासकट. काम फार मोठं नाही. जागा त्यांना पाठ आहेत.

परतताना मावशींकडून सुका बोंबील घेतला. त्यांनी निवडून दिला, वर मूठभर जवळा टाकला, आणि घरी नेल्यावर एकदा चांगला वारा दाखवून मगच डब्यात भरायला सांगितलं. तुम्ही गेलात तर किनाऱ्यावर थेट या बायकांकडूनच घ्या, आणि भावासाठी घासाघीस करू नका. भाईंदरहून लगेच लोकलनं परतायचं नसेल तर फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू आहे. भाईंदरहून ती पकडून त्याच खाडीतून वसईच्या किल्ल्यापाशी उतरता येतं.