अक्कलकुव्याची सीमा आणि एक चतुष्फलक

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले. या विभाजनाची चर्चा बहुधा मुंबई आणि डांग या दोन नावांपाशी थांबते. परंतु त्या वर्षीच्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत गावांच्या याद्या आहेत: ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील गावे. ती गुजरातेत गेली. जिल्हाच काय, तालुकाही अखंड मानला गेला नाही; घटक होता तो गाव.

गाव हा घटक धरला की सीमेचा प्रश्न गणिताच्या हद्दीत येतो. प्रत्येक गाव एक बिंदू. शिवेला शीव लागली की दोन बिंदूंना जोडणारी एक कडा. सोयरीक, आठवडी बाजार यांवरून कडेला वजन द्यायचे आणि तुटलेल्या कडांचे एकूण वजन कमीत कमी राहील अशी विभागणी शोधायची. यालाच आलेख-विभाजन म्हणतात. दहा गावांचे दोन गट ५११ प्रकारे पडतात. शंभर गावांसाठी हीच संख्या तीस अंकी होते.

एकेक विभागणी तपासणे अशक्य, म्हणून गणिती भूमितीकडे वळले. परस्परांना लागून असलेली तीन गावे घ्या. जोडी तुटली तर १, टिकली तर ०. तीन जोड्यांच्या आठ शक्यता म्हणजे घनाचे आठ कोपरे. पण एकच जोडी तुटणे संभवत नाही: दोन गावे दुरावली की तिसरे त्यांपैकी एकाला मुकतेच. राज्ये दोनच असल्याने तिन्ही जोड्याही तुटत नाहीत. उरलेले चार कोपरे जोडले की चतुष्फलक तयार होतो! गावे वाढली की हा बहुफलक अनेक मितींत पसरतो. बाराहोना आणि महजूब यांनी १९८६ मध्ये त्याच्या फलकांचा मूलगामी अभ्यास मांडला. कितीही गावांना पुरेल अशी फलकांची संपूर्ण यादी मात्र आजही हाती नाही.

तरीही खरी अडचण फलकांची नव्हे, वजनांची आहे. महिनाभर आधी, १ एप्रिल १९६० रोजी, आंध्र-मद्रास सीमा पाटसकरांच्या निवाड्यानुसार बदलली होती. गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हे त्याचे निकष. बेळगावसाठी महाराष्ट्राने पुढे हेच निकष धरले. पण देहवाली बोलणारे भिल्ल गाव मराठी मानायचे की गुजराती? इथे तिसऱ्या निकषाची पट्टीच आखूड पडते.

शिवाय उकाई धरण होते. तापीकाठची बुडीत जाणारी गावे धरणासोबत एकाच राज्यात असावीत, हा हिशेब आधीच झालेला होता. भूमितीच्या भाषेत, काही जोड्यांपुढे अगोदरच शून्य लिहून उरलेले उत्तर बहुफलकाच्या एका पृष्ठावर शोधायचे. निझर आणि उच्छल हे आजचे गुजरातमधील तालुके पश्चिम खानदेशाच्या त्याच गावांतून उभे राहिले.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे जुन्या मेवासी संस्थानाचे गाव. तिथल्या राजवाडी होळीला सीमेपलीकडची माणसे अजूनही येतात.