खोपोलीला अडलेली गाडी

मुंबईहून पुण्याला मोटारीने जाणाऱ्या माणसाला पूर्वी खोपोली चुकत नसे. पण खोपोली नीट पाहिलेला माणूस मात्र विरळाच. पुढे बोरघाट उभा. तेव्हा गाडीला पाणी पाजावे, आपण चहा घ्यावा, गरम बटाटेवडा पोटात ढकलावा आणि घाटाला लागावे, एवढाच बहुतेकांचा या गावाशी संबंध. गावाचे खरे दर्शन घडते ते गाडी अडली म्हणजे.

गाव खरोखर थांबण्यासारखे आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला आणि 1863 साली रेल्वे घाट चढून गेली. पण रेल्वेची मुख्य वाट कर्जतहून परभारेच वर जाते, खोपोलीला तिचा एक फाटा तेवढा येतो. त्यामुळे गावाचे नाते जडले ते रस्त्याशी. नाना फडणविसांनी इथे वीरेश्वराचे देऊळ आणि मोठा बांधीव तलाव उभारला. मान वर करून डोंगराकडे पाहावे, तर त्याच्या अंगावरून भले दांडगे नळ खाली उतरताना दिसतात. लोणावळा, वळवण, शिरवता या माथ्यावरच्या तलावांचे पाणी त्यांतून येते, टाटांच्या वीजघरातली चक्रे फिरवते आणि पाताळगंगेला मिळते. 1915 साली इथली वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी निघाली, तेव्हापासून हा उद्योग चालू आहे.

देऊळ आणि वीजघर यांच्या जोडीला खोपोलीतली पाहण्यासारखी तिसरी गोष्ट म्हणजे तिथले मिस्त्री. घाट हा गाडीचा मोठा कडक परीक्षक. सपाटीवर निमूट पळणारी गाडी चढ समोर दिसताच खोकू लागते. वर जाणाऱ्याचा रेडिएटर उकळतो, खाली येणाऱ्याचे ब्रेक तापतात. पायथ्याच्या गावी गॅरेजे जमली ती त्यामुळेच.

1998 सालच्या डिसेंबरात आम्ही अशाच एका गॅरेजात जाऊन थडकलो. गाडी माझ्या मित्राची, 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. संध्याकाळी पुण्याला त्याच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. मागच्या बैठकीवर पेढ्यांचे खोके आणि साड्यांची पेटी. गावात शिरता शिरता इंजिन थरथरू लागले, आतून टकटक ऐकू येऊ लागली आणि गाडीतले बळच गेले.

मिस्त्री पन्नाशीचे, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी चालू इंजिनाच्या प्लगांच्या टोप्या एकेक करून काढल्या आणि पुन्हा बसवल्या. पहिली काढली, इंजिन अडखळले. दुसरी काढली, अडखळले. तिसरी काढली, तर इंजिनाला त्याचा पत्ताच नाही.

"साहेब, तीन नंबर काम करत नाही," ते म्हणाले. वरचे झाकण काढले तेव्हा कारण दिसले. तिसऱ्या सिलिंडरच्या एका वॉल्व्हची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाले होते.

स्प्रिंग बाजारात मिळाली. ती बदलण्यासाठी इंजिनाचे डोके उतरवावे लागते असा माझा समज होता, पण मिस्त्रींनी घरगुती युक्ती काढली. रॉकरचा दांडा आणि पुशरॉड काढून घेतले. मग प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडत गेले, हातभर, दोन हात, चांगली गच्च. नंतर गाडी गिअरमध्ये टाकून किंचित पुढे ढकलली. आतला पिस्टन वर आला आणि दोरीचा गोळा वॉल्व्हला खालून टेकला. आता वरची स्प्रिंग दाबली तरी वॉल्व्ह आत पडण्याची भीती नाही. मी मनातल्या मनात त्या दोरीला नमस्कार केला.

ही स्प्रिंग वॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणारे दोन इवलेसे पोलादी अर्धगोल तुकडे असतात. मिस्त्री मंडळी त्यांना 'लॉक' म्हणतात. एकेक तुकडा हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरासा मोठा. तेलकट बोटांत तो धरायचा, दाबलेल्या स्प्रिंगच्या मधोमध खोबणीत बसवायचा आणि मग हलकेच दाब सोडायचा. शेजारी पुशरॉडची भोके उघडी असतात. त्यांत चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या, परंतु हत्यार नीट लागेना म्हणून एक चिंधी क्षणभर काढली होती. काम करत होता गॅरेजातला पोरगा, पंधरा-सोळा वर्षांचा. हत्यार निसटले, 'टिक्' असा बारीक आवाज झाला, आणि पोरगा लगेच म्हणाला,

"उस्ताद, पडलं."

मिस्त्री बाजूच्या ट्रकखाली होते. माझे लक्ष रस्त्याकडे, मित्राचे घड्याळाकडे. पोरगा गप्प राहिला असता तर कुणालाच कळले नसते. डब्यात जुनी लॉके पडलेली होती. त्यांतले एक उचलून बसवायला त्याला दोन मिनिटे पुरली असती.

मिस्त्री बाहेर आले. "कुठं?"

"आवाज खाली गेला. या भोकात असंल."

"असंल का आहे?"

"बघितलं नाही. आवाज ऐकला."

"बरं. कुणी गाडीला हात लावू नका," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पोराला ना शिवी दिली ना टपली.

मित्राचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "मिस्त्री, एवढासा तर तुकडा! खाली तेलात पडला असेल, पडून राहील. दुसरा घाला आणि सोडा आम्हाला."

मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब, तेलात पडला असंल तर तुमचं खरं. तळाशी बसंल, पंपाच्या तोंडाला जाळी असते, कदाचित जन्मभर काही व्हायचं नाही. पण वाटेत टॅपेट आहे, कॅम आहे, त्याच्याखाली क्रँक फिरतो. तिथं कुठं अडकून बसला असला, तर शिंगरोबाच्या देवळापर्यंत जाल. पुढचं मी सांगत नाही."

घाटातला शिंगरोबा म्हणजे ज्याने इंग्रज साहेबाला डोंगरातली वाट दाखवली असे लोक सांगतात, तो धनगर. जाता-येता ड्रायव्हर त्याच्या देवळापाशी नाणे टाकतात. मित्र मुकाट्याने पेढे आणि साड्या घेऊन पुण्याच्या एस.टी.त बसला आणि गाडीपाशी राखणीला मी राहिलो.

त्यानंतरचे चार तास मी एक शोधमोहीम पाहिली. आधी गाडीखालची जमीन झाडली आणि तो केरही हाताने चाळला. हरवलेली वस्तू पुष्कळदा आत गेलेलीच नसते. मग इंजिनाच्या वरच्या अंगाची खोबण न् खोबण पुसली. मग मिस्त्रींनी जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक आणले आणि त्यावर एक लांब पोलादी सळई एकाच दिशेने घासत राहिले. सळईत चुंबकत्व उतरले. वरचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे, तिथून सळई सुखाने उतरे. पण खालच्या बिडाच्या ठोकळ्यात शिरली की भिंतीलाच चिकटून बसे. तेव्हा तिच्यावर रबरी नळी चढवून नुसते टोक उघडे ठेवले. तरीही हाती काही लागले नाही. मग सळईच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावून भोकाचा तळ चाचपला. तळ मोकळा होता.

"टॅपेटपाशी नाही," मिस्त्री म्हणाले. ही बातमी निम्मी चांगली होती.

मग गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिन सुरू न करता, चौघांनी ढकलून आणि गिअर मोकळा ठेवून. खालचा बोल्ट काढून तेल मलमलच्या फडक्यातून गाळले. काळी धार संपली, फडक्यावर काहीच नव्हते. आता उरला शेवटचा उपाय, चेंबर उतरवणे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचे तेलाचे पात्र. इंजिनाला जॅकचा आधार दिला, भोवतीचे बोल्ट सैल केले आणि दिवेलागणीच्या सुमारास ते पात्र खाली आले.

पोरगा बॅटरी घेऊन आधी वाकला. तळाच्या गाळात बोट फिरवता फिरवता थांबला आणि त्याने लॉक वर काढले. त्याचा चेहरा असा उजळला की मलाच हायसे वाटले. पण बोट पुन्हा फिरले, तेव्हा आणखी एक वस्तू निघाली. एक स्प्रिंग वॉशर, कडा झिजलेली, अंगावर तेलाचे जुने किटण.

"हे आपलं नाही," पोरगा म्हणाला.

मिस्त्रींनी ते उजेडात धरले. "पाच-सहा वर्षांचं तरी असंल. कुणाच्या तरी हातून पडलं आणि तो बोलला नाही." ते पोराकडे वळले. "तू बोललास."

तेवढेच. पाठीवर थाप नाही, उपदेश नाही. पोरगा फडक्याने चेंबर पुसू लागला.

नवे पॅकिंग, नवे तेल, आणि रात्री नऊला इंजिन चारही सिलिंडरांवर गुरगुरू लागले. मिस्त्रींनी स्प्रिंगचे, तेलाचे आणि स्प्रिंग बदलण्याच्या मजुरीचे पैसे घेतले. चेंबर उघडण्याची मजुरी विचारली, तेव्हा म्हणाले, "ते आमच्या हातून पडलं होतं." मी मुक्काम गावातच केला, सकाळी वीरेश्वराच्या तलावावर जाऊन आलो आणि मग घाट चढलो. साखरपुडा माझ्यावाचून व्यवस्थित पार पडला होता.

2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पुण्याची बहुतेक वाहतूक खोपोलीला बगल देऊन जाऊ लागली. पद्मिनीचेही दिवस संपले. मुंबईत टॅक्सी म्हणून तिचा निरोपाचा दिवस ठरला 30 ऑक्टोबर 2023. आता गॅरेजात सळई घासत बसावे लागत नाही. पेनाएवढे लांबणारे चुंबक मिळते, प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडून मोबाइलच्या पडद्यावर पिस्टनचे डोके पाहता येते. पण हा कॅमेरा आत सोडायचा केव्हा, हे कॅमेरा सांगत नाही. ते ज्याच्या बोटांतून तुकडा निसटला, त्यालाच सांगावे लागते, आणि तेही कुणी चावी फिरवण्याच्या आत. आत पडलेली वस्तू इंजिन थांबलेले आहे तोवर फार लांब जात नाही. नुकसान होते ते पुढच्या घाईने. ज्या गॅरेजात 'पडलं' म्हणणाऱ्या पोराला मार बसतो, तिथली पोरे 'पडलं' म्हणायचे सोडून देतात, आणि त्या गॅरेजात पुढे हुशार कारागीर पुष्कळ झाले, तरी गाडी विश्वासाने टाकावी असा एकही होत नाही.

पुण्याला जाताना घाई नसेल तर वाचकांनी एकदा जुन्या रस्त्याने जावे. तलावाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावे, डोंगरावरचे नळ पाहावेत. आणि गाडी कुरकुरत असली, तर घाट चढण्याआधी इथेच दाखवून घ्यावी.