दहबच्या किनाऱ्यावर

अरबी भाषेत ‘दहब’ म्हणजे सोने. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात, अकाबाच्या आखातावर या नावाचे एक लहानसे गाव आहे. मागे उघडेबोडके डोंगर, समोर निळे पाणी आणि पैलतीरी सौदी अरेबियाच्या पर्वतरांगा. उत्तरेचा जोरदार वारा व वाळूच्या पट्ट्याआड शांत राहिलेले उथळ पाणी यांमुळे येथे विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरून पाणी कापत जाण्याचा खेळ, चांगलाच रुजला आहे.

सौभाग्यवती खोलीवर विश्रांती घेत होत्या. मी एकटाच किनाऱ्यावर उभा होतो. स्थानिक तरुणांनी ‘अहलन व सहलन’ म्हणत मला चटईवर बसवले, गोड चहा दिला आणि फळीवर उभे राहण्याचा आग्रह केला. कमरेच्या पिशवीत पासपोर्ट व डॉलर होते. “खांबाला अडकवा, आमचेही सारे तेथेच आहे,” एकजण मोडक्या इंग्रजीत म्हणाला. तारणाशिवाय कधी कर्ज मंजूर न केलेला मी क्षणभर घुटमळलो; मग पिशवी अडकवली.

दोघांनी हात धरून मला फळीवर उभे केले. मी पडलो, पुन्हा चढलो. वयाच्या पासष्टाव्या वर्षी इतका मोकळा हसलो.

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. खोलीवर येऊन मी नोटा मोजल्या. पूर्ण होत्या. मोजल्याची मात्र लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पिशवी त्याच खांबाला अडकवली आणि परतल्यावर मोजली नाही. व्यवहारात मोजदाद हवीच. पाहुणचारात ती शोभत नाही.